एका भिंतीचे दोन वंशज

खेळांनाही कुळें असतात. आज घरोघरीं खेळलें जाणारें बुद्धिबळ हें भारतांतील चतुरंगाचें वंशज होय. तें इराणांत गेलें आणि शतरंज झालें; अरबांच्या हातून युरोपांत पोंचलें; तेथें त्यांतील वजिराची राणी झाली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्या राणीला पटाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत धांवण्याची सत्ता मिळाली. हे फेरफार कोणीं केले, कोणत्या घरीं केले, कोणत्या अडचणीपायीं केले, हें आज कोणालाही सांगतां येणार नाहीं. खेळ राहिला, तो घडविणारे हात काळाच्या उदरांत गडप झाले.

विजेच्या साह्यानें पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांची गोष्ट निराळी आहे. त्यांचें कुळ अवघें अर्धशतकाचें. त्यांतील मूळ पुरुषांचीं नांवें ठाऊक आहेत, सालें ठाऊक आहेत, आणि कित्येकांनीं आपल्या कामाची हकीकत स्वतःच्या तोंडून सांगितलेली आहे. म्हणून जुन्या खेळाच्या पोटीं नवा खेळ कसा जन्मास येतो, आणि त्याचें श्रेय कोणाच्या पदरीं पडतें, हें पाहावयाचें असेल तर या कुळाकडे वळणें सोयीचें होतें. त्यांतील एका शाखेची ही कथा आहे.

इ. स. २०१७ च्या मे महिन्यांत जपानमधील स्क्वेअर एनिक्स या कंपनीनें मोबाईल फोनवर खेळण्यासाठीं एक खेळ प्रसिद्ध केला. त्याचें नांव ‘आर्कनॉइड व्हर्सेस स्पेस इन्व्हेडर्स’. नांवावरूनच दिसतें कीं, त्यांत दोन जुन्या खेळांचा संयोग होता. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा १९७८ सालचा आणि ‘आर्कनॉइड’ हा १९८६ सालचा. दोन्ही खेळ टायटो या जपानी कंपनीचे. दोन्ही आर्केडांतले, म्हणजे सार्वजनिक खेळघरांत नाणें टाकून यंत्रावर खेळावयाचे. टायटो ही कंपनी २००५ सालीं स्क्वेअर एनिक्सच्या ताब्यांत गेल्यामुळें दोन्ही वारसे एकाच घरांत आले होते.

पहिल्या खेळांत आकाशांतून उतरणाऱ्या परग्रहवासीयांच्या रांगांवर गोळ्या झाडावयाच्या. दुसऱ्यांत फळीनें चेंडू टोलवून विटांची भिंत पाडावयाची. वरवर पाहतां एक खेळ युद्धाचा, दुसरा चेंडूचा. तेव्हां हा दोन परक्या घराण्यांचा विवाह आहे, असें कोणासही वाटेल. परंतु कुळवृत्तांत उलगडून पाहिला तर गोष्ट उलट दिसते. हा विवाह सगोत्र होता. दोन्ही खेळांचा मूळ पुरुष एकच. आणि तो जपानांतला नव्हे, अमेरिकेंतला.

१९७२ सालीं कॅलिफोर्नियांतील अटारी या नवजात कंपनीचे एक संस्थापक नोलन बुशनेल यांनीं ॲलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्याकडून ‘पाँग’ नांवाचा खेळ करवून घेतला. पडद्याच्या दोन बाजूंस दोन उभ्या फळ्या आणि मध्यें एक चौकोनी ठिपका. तो ठिपका म्हणजे चेंडू. दोघां खेळाडूंनीं तो एकमेकांकडे टोलवावयाचा. सनिव्हेल या गांवच्या एका मद्यगृहांत पहिलें यंत्र ठेवलें. थोड्याच दिवसांत तें बिघडल्याची तक्रार आली. उघडून पाहतात तों नाण्यांची पेटी तुडुंब भरल्यामुळें यंत्र अडलें होतें, अशी हकीकत अल्कॉर्न यांनीं सांगितलेली आहे.

पाँगमध्यें एक उणीव होती. त्याला दुसरा गडी लागे. मग एकट्या माणसानें काय करावें? लहान मुलांना हा प्रश्न कधीं पडत नाहीं. जोडीदार नसला कीं मूल आपला चेंडू घेतें आणि भिंतीवर मारूं लागतें. बुशनेल व त्यांचे सहकारी स्टीव्ह ब्रिस्टो यांनीं नेमका हाच मार्ग काढला. पाँगमधील एक खेळाडू काढून टाकून त्याच्या जागीं त्यांनीं भिंत उभी केली. आणि ती भिंत विटांची केली. चेंडू ज्या विटेस लागेल ती वीट नाहींशी व्हावयाची. लगोरींतील दगडांची चळत चेंडूच्या एका फटक्यानें कोसळतांना जो आनंद होतो, तोच येथें एकेका विटेगणिक वांटून दिलेला होता. १९७६ सालीं हा खेळ ‘ब्रेकआउट’ या नांवानें बाजारांत आला.

या खेळाच्या यंत्ररचनेची कथा चटका लावणारी आहे. त्या काळच्या अशा यंत्रांत संगणक नसे. सुट्या चिप्स एकमेकींस जोडून खेळाचा प्रत्येक नियम तारांनींच बांधावा लागे. चिप्स जितक्या कमी, तितका खर्च कमी. म्हणून थोडक्यांत थोड्या चिप्स वापरून रचना करण्याचें काम अटारीनें स्टीव्ह जॉब्स या आपल्या तरुण नोकराकडे सोंपविलें आणि वांचविलेल्या चिप्सच्या मानानें बक्षीस कबूल केलें. जॉब्स यांनीं आपले मित्र स्टीव्ह वॉझ्निॲक यांना हाताशीं धरलें. वॉझ्निॲक तेव्हां ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींत नोकरीस होते. दिवसा ती नोकरी आणि रात्रीं अटारीचें काम, असें चार दिवस व चार रात्री करून त्यांनीं सर्व रचना ५० हून कमी चिप्समध्यें बसविली. मोबदल्याचे म्हणून सांगितलेल्या ७०० डॉलरांपैकीं निम्मे त्यांना मिळाले. बक्षिसाची रक्कम कित्येक हजार डॉलरांची होती आणि ती आपणांस कळविण्यांतच आली नाहीं, असें वॉझ्निॲक यांनीं पुढें अनेकदां सांगितलें. जॉब्स यांना ही हकीकत मान्य नव्हती.

याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, ती रचना बाजारांत आलीच नाहीं. ती इतकी दाट गुंफलेली होती कीं अटारीच्या अभियंत्यांना ती कारखान्यांत काढणें जमेना. लोकांपुढें आलेलें यंत्र अधिक चिप्सचें व निराळ्या घडणीचें होतें. तथापि त्या चार रात्रींचे श्रम अगदींच वायां गेले असें म्हणतां येत नाहीं. १९७७ सालीं ‘ॲपल टू’ हा घरगुती संगणक तयार करतांना त्यांत रंग, आवाज आणि हातानें फिरवावयाची कळ यांची सोय वॉझ्निॲक यांनीं केली, ती मुख्यतः आपल्याला त्यावर ब्रेकआउट खेळतां यावा म्हणून, असें त्यांनींच लिहून ठेविलें आहे.

आतां ब्रेकआउटची ही भिंत जरा जवळून पाहिली पाहिजे. कारण पुढील सारा इतिहास तिच्यांतून निघतो. भिंतींत ८ ओळी आणि प्रत्येक ओळींत १४ विटा. पडदा काळा-पांढराच, रंग दिसत ते त्यावर लावलेल्या रंगीत पट्ट्यांमुळें. खालच्या पिवळ्या विटेस १ गुण, हिरवीस ३, नारिंगीस ५ आणि सर्वांत वरच्या तांबडीस ७. एक भिंत पुरी पाडली म्हणजे दुसरी उभी राही. दोन भिंतींचे मिळून ८९६ गुण. तेथें खेळाची परमावधि. भिंतीच्या कडेला भोंक पाडून चेंडू एकदां पलीकडे घुसला कीं छत आणि भिंत यांच्यामध्यें तो आपोआप आदळत राही, विटांमागून विटा पडत, आणि खेळाडूनें हात आंवरून नुसतें पाहावें. खेळाच्या इंग्रजी नांवाचा अर्थही तोच: फोडून बाहेर पडणें. भिंत हा येथें प्रतिपक्ष खरा, परंतु मुका आणि निश्चल. ती कोणावर चालून येत नाहीं. खेळाडू हरला तर आपल्याच हाताच्या चुकीनें हरतो, आणि पुरेसें कौशल्य असेल तर जिंकतोही.

ब्रेकआउट जपानांत गेला आणि तेथें त्याचें असें स्वागत झालें कीं ‘ब्लॉक कुझुशी’, म्हणजे ठोकळे पाडणें, या नांवानें खेळांची एक जातच रूढ झाली. अनेक कंपन्यांनीं त्याच्या नकला काढल्या. कॉफीच्या दुकानांत टेबलाच्या कांचेखालींच पडदा बसवूं लागले. पेला कडेला सारून लोक भिंती पाडूं लागले. नाम्को कंपनीच्या तोरू इवातानी या तरुणानें १९७८ सालीं विटांची भिंत आणि पिनबॉल यांचें मिश्रण करून ‘जी बी’ नांवाचा खेळ रचला. हेच इवातानी पुढें १९८० सालीं ‘पॅक-मॅन’चे जनक झाले. यावरून, दोन खेळ एकत्र करण्याची कल्पना मोबाईलच्या युगांत प्रथम सुचली असें नव्हे, हें दिसून येईल.

भिंती पाडण्याच्या या बाजारांत टायटोही होती. ओडेसा येथें जन्मलेले ज्यू व्यापारी मायकेल कोगन यांनीं १९५३ सालीं टोकियोंत ती स्थापिली. प्रथम आयात-निर्यात आणि व्होडका, मग नाणें टाकतांच वस्तु देणारीं यंत्रें, मग गाणीं वाजविणारीं यंत्रें, आणि त्यानंतर खेळयंत्रें, असा तिचा प्रवास झाला. या कंपनींत तोमोहिरो निशिकादो नांवाचे एक अभियंते होते. त्यांचा जन्म १९४४ सालचा, ओसाका प्रांतांतला. १९७५ सालीं त्यांचा ‘वेस्टर्न गन’ हा दोघां बंदूकधाऱ्यांच्या द्वंद्वाचा खेळ अमेरिकेंतील मिडवे कंपनीनें घेतला आणि त्याची जुनी रचना टाकून देऊन त्यांत मायक्रोप्रोसेसर बसविला. खेळ म्हणून निशिकादो यांना आपलाच अधिक सरस वाटला. परंतु अमेरिकन आवृत्तींतील चित्रांची सफाई त्यांच्या नजरेंतून सुटली नाहीं. पुढचा खेळ मायक्रोप्रोसेसरवरच करावयाचा, असें त्यांनीं ठरविलें.

हा पुढचा खेळ करतांना त्यांच्या डोळ्यांपुढें ब्रेकआउट होता. भिंतींतील शेवटची वीट पडली म्हणजे जें समाधान होतें त्याचें त्यांना मोठें आकर्षण वाटे, आणि त्याहून सरस कांहींतरी करावें अशी ईर्षाही वाटे. त्यांनीं स्वतःस विचारलेला प्रश्न अगदीं साधा होता: ज्याच्यावर नेम धरावयाचा त्यानेंच उलट प्रहार केला तर? भिंत उभी न राहतां चालूं लागली तर?

त्या चालत्या विटांना रूप कोणतें द्यावें, याचा शोध लांबला. रणगाडे, विमानें, जहाजें करून पाहिलीं. त्यांची हालचाल मनासारखी होईना. माणसांच्या आकृति चांगल्या हालत. परंतु माणसांवर गोळ्या झाडण्याचा खेळ काढणें अनुचित ठरलें. शेवटीं एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरींतील अष्टपादासारख्या मंगळवासीयांचें स्मरण कामास आलें, आणि पडद्यावर अष्टपाद, खेंकडा व माखूल या समुद्रजीवांच्या आकाराचे परग्रहवासी अवतरले. मायक्रोप्रोसेसरवर असा खेळ रचण्याचीं साधनें तयार मिळत नव्हतीं. तींही निशिकादो यांनीं स्वतःच्या हातांनीं बनविलीं. या सर्व खटपटींत सुमारें एक वर्ष गेलें.

१९७८ सालीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बाहेर पडला तेव्हां भिंतीचें रूप पार पालटलें होतें. परंतु ओळखणाऱ्याला ती ओळखूं येत होती. आक्रमकांच्या ५ ओळी, प्रत्येक ओळींत ११, असे एकूण ५५. खालच्या ओळींतील आक्रमकास १० गुण, मधल्यास २०, सर्वांत वरच्यास ३०. म्हणजे वर चढावें तसें मोल वाढावें, ही ब्रेकआउटचीच रीत. खेळाडू तळाशीं, आणि त्याला डावीकडे वा उजवीकडे एवढ्याच दोन दिशा मोकळ्या, हेंही ब्रेकआउटचेंच. रंगही पडद्यावरील रंगीत पट्ट्यांचेच. फरक दोन ठिकाणीं होता. चेंडूच्या जागीं बंदूक आली होती. आणि खेळाडूच्या रक्षणासाठीं चार ढाली उभ्या होत्या, त्या शत्रूच्या गोळ्यांनीं कणाकणानें झिजत. पूर्वीं खेळाडू भिंत पाडीत असे. आतां त्याचीच भिंत पाडली जात होती.

या खेळाचा प्राण मात्र एका अडचणींतून जन्मास आला. त्यांतील मायक्रोप्रोसेसर इंटेल कंपनीचा ८०८० या जातीचा. आजच्या मानानें अत्यंत मंद. पडदा दर सेकंदास ६० वेळां नव्यानें रेखाटला जाई, आणि प्रत्येक रेखाटनाबरोबर एकच आक्रमक एक पाऊल सरके. ५५ आक्रमक जिवंत असतांना सर्वांचें एकेक पाऊल पुरें होण्यास जवळजवळ एक सेकंद लागे. त्यांतले निम्मे पडले कीं तेंच काम निम्म्या वेळांत उरके. अगदीं शेवटचा एकटा उरला म्हणजे प्रत्येक रेखाटनाची पाळी त्याचीच येई आणि तो पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सुसाट धांवत सुटे. अर्थात् खेळाडू जों जों विजयाजवळ जाई, तों तों शत्रू अधिक चपळ होई. ही गति निशिकादो यांनीं आधीं योजिलेली नव्हती. यंत्राच्या दुबळेपणानें ती आपोआप आली. त्यांनीं एवढेंच केलें कीं, तिच्यांतील गोडी ओळखली आणि ती काढून न टाकतां ठेविली. खर्जांतील चार स्वर मागें सारखे वाजत, आणि तेही शत्रूच्या पावलांबरोबर जलद होत. हृदयाचे ठोके वाढावे तसा तो भास होई.

आणखी एक मोठा भेद होता. ब्रेकआउटला शेवट होता. स्पेस इन्व्हेडर्सला नव्हता. एक टोळी मारली कीं दुसरी अधिक खालून सुरुवात करी. खेळाडू कितीही निष्णात असो, त्याची हार कधीं तरी ठरलेलीच. मिळावयाचें तें एवढेंच, कीं पूर्वीपेक्षां अधिक काळ तग धरल्याचा आंकडा. आजवरचा सर्वांत मोठा आंकडा पडद्यावर सतत दिसत राही, आणि त्या आंकड्यासाठीं माणसें पुन्हां पुन्हां नाणीं टाकीत.

आरंभीं व्यापाऱ्यांना हा खेळ फारसा रुचला नव्हता. लोकांना मात्र त्यानें वेड लावलें. जपानांत केवळ याच खेळाचीं यंत्रें मांडलेलीं ‘इन्व्हेडर हाउस’ नांवाचीं दुकानें निघालीं. या खेळापायीं देशांत शंभर येनच्या नाण्यांचा दुष्काळ पडला, अशी एक कथा जगभर सांगितली जाते. परंतु ती दंतकथा म्हणूनच ऐकावी हें बरें. अमेरिकेंत मिडवेनें हा खेळ नेला. १९७९ सालीं नाम्कोनें त्याच वळणावर ‘गॅलॅक्सियन’ काढला. १९८० सालीं घरांतील दूरचित्रवाणी-संचावर खेळण्यासाठीं स्पेस इन्व्हेडर्सची आवृत्ति रीतसर परवाना घेऊन निघाली, ती अटारीनें. ज्या कंपनीच्या भिंतींतून हा खेळ जन्मला होता, तिनेंच त्याच्यासाठीं परवाना घ्यावा, असा हा योग होता. आणि त्या आवृत्तीनेंच तिच्या घरगुती यंत्राचा खप भराभर वाढविला. पुढें २०१३ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें स्पेस इन्व्हेडर्सला आपल्या संग्रहांत स्थान दिलें. परंतु १९७८ सालच्या पडद्यावर नांव होतें तें कंपनीचें; रचनाकाराचें नव्हतें. नाणें टाकणाऱ्या लोकांना निशिकादो हें नांव कित्येक वर्षें ठाऊकही नव्हतें.

इकडे मूळ भिंतीचा खेळ हळूहळू जुनाट ठरूं लागला होता. शत्रू चालून येतो अशा खेळांची संवय झालेल्या लोकांस निश्चल विटांत रस कोठून वाटावा? अशा वेळीं त्याच टायटो कंपनींत अकिरा फुजिता व हिरोशी त्सुजिनो यांनीं १९८६ सालीं ‘आर्कनॉइड’ रचून या वडील शाखेला नवें चैतन्य दिलें. त्यांनीं फळीला अंतराळयानाचें रूप दिलें व तिचें नांव ‘व्हॉस’ ठेविलें. आर्कनॉइड नांवाचें मोठें यान नष्ट झालें, त्यांतून निसटलेलें हें छोटें यान अनोळखी अवकाशांत अडकलें, अशी कथाही जोडली. विटा फुटतांना मधून मधून त्यांतून कुपी खालीं पडूं लागल्या. एखादी झेलली तर फळी लांब होई, एखादीनें चेंडू मंद होई, एखादीनें एका चेंडूचे तीन होत. आणि एका कुपीनें फळीला चक्क बंदूक मिळे व खेळाडू विटांवर किरण झाडूं लागे. हें शेवटचें वैशिष्ट्य ध्यानांत घेण्यासारखें आहे. धाकट्या शाखेनें आठ वर्षांपूर्वीं चेंडू टाकून जी बंदूक हातीं घेतली होती, ती आतां वडील शाखेच्या घरांतही आली. अंतराळाचा पोशाखही तिकडूनच उसना घेतलेला. मात्र भिंतीचा मूळ स्वभाव आर्कनॉइडनें सोडला नाहीं: त्याच्या ३३ फेऱ्या होत्या, शेवटीं ‘डोह’ नांवाचा पाषाणमुखी शत्रू होता, आणि त्याला जिंकलें म्हणजे खेळ खरोखरीच संपत असे.

याच सुमारास ब्रेकआउटची ती जुनी भिंत न्यायालयांत जाऊन उभी राहिली. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानें त्या खेळाची नोंदणी नाकारली होती. आयत, चौकोनी चेंडू, फळी, साधे रंग व साधे आवाज, यांत नोंदण्याजोगी निर्मिति ती कोणती, असा कार्यालयाचा सवाल होता. अटारीनें दाद मागितली. वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयानें १९८९ सालीं प्रकरण फेरविचारासाठीं परत पाठविलें. कार्यालयानें पुन्हां नकार दिला. आणि १९९२ सालीं न्यायालयानें तो नकारही अमान्य केला. हे निर्णय लिहिणाऱ्या न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग पुढील वर्षीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत गेल्या. न्यायालयानें सांगितलें त्याचा मथितार्थ असा, कीं एकेक आयत साधा असला तरी त्यांची निवड, मांडणी आणि त्यांच्या हालचालींचा परस्परमेळ यांत कल्पकता असूं शकते. ज्या भिंतीसाठीं एका माणसानें चार रात्री जागून काढल्या होत्या, ती ‘निर्मिति’ या नांवास पात्र आहे कीं नाहीं, याचा खल होण्यास सोळा वर्षें लागलीं.

एवढा मागचा पट ध्यानांत घेतला म्हणजे २०१७ सालच्या मोबाईलवरील खेळाचा अर्थ उलगडतो. त्या खेळांत पडद्याच्या वरच्या भागांत आक्रमक होते आणि त्यांच्या सोबतीस विटाही होत्या. खालीं आर्कनॉइडची फळी होती. परंतु आरंभीं खेळाडूच्या हातीं चेंडू नव्हता आणि बंदूकही नव्हती. आक्रमकांनीं झाडलेल्या गोळ्याच फळीनें परतवावयाच्या, आणि त्या परतलेल्या गोळ्यांनीं विटा फोडावयाच्या व आक्रमक टिपावयाचे. असें करतां करतां एक माप भरत जाई, आणि तें भरलें म्हणजे आर्कनॉइडचा चेंडू कांहीं काळ खेळाडूच्या हातीं येई. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा होती. घड्याळ संपलें कीं डाव संपला.

या रचनेंत दोन्ही शाखांचे गुण कसे एकमेकांत मिसळले आहेत तें पाहण्यासारखें आहे. निशिकादो यांचा प्रश्न होता, कीं भिंतीनें उलट प्रहार केला तर? चाळीस वर्षांनीं त्या प्रश्नाला भिंतीच्या घराण्यांतूनच उत्तर मिळालें: तो प्रहार हाच चेंडू समजून परत टोलवावा. १९७८ सालीं जी गोळी चुकवावयाची होती, ती २०१७ सालीं झेलावयाची झाली. शत्रू जितका मारा करील तितकीं साधनें खेळाडूला अधिक मिळावयाचीं. आणि मूळ पाँगमध्यें जी गोष्ट होती, म्हणजे समोरून आलेलें परत समोर धाडणें, तीच पुन्हां या खेळाच्या केंद्रस्थानीं आली. ज्या दुसऱ्या गड्याला काढून त्याच्या जागीं भिंत बांधली होती, तो गडीच एका अर्थीं आक्रमकाच्या रूपानें परत आला.

साधनाच्या बाबतींतही असाच योग जुळला. त्या जुन्या यंत्रांतील पडदे उभे असत, कारण भिंत वर आणि खेळाडू खालीं. मधल्या काळांत हे खेळ घरांतील आडव्या पडद्यांवर आले तेव्हां त्यांचें अंग आखडलें. हातांत उभा धरलेला मोबाईल म्हणजे पुन्हां तीच उभी चौकट. मात्र एक वस्तु हरपली. ब्रेकआउट व आर्कनॉइड यांची फळी गोल कळ फिरवून हलवावी लागे, आणि त्या कळेच्या वजनाचा बोटांना अंदाज येई. कांचेवरून सरकणाऱ्या बोटाला तो आधार नाहीं, आणि बोट खुद्द पडद्याचाच थोडा भाग झांकून टाकतें. नव्या घरांत जुनी वस्तु मांडतांना कांहीं तरी सुटतेंच.

या इतिहासांत सर्वस्वीं नवें असें कोणींच कांहीं केलेलें दिसत नाहीं. बुशनेल व ब्रिस्टो यांनीं पाँगमधला एक गडी काढला. निशिकादो यांनीं भिंतीला पाय दिले. फुजिता व त्सुजिनो यांनीं फळीला नांव आणि कथा दिली. २०१७ सालच्या रचनाकारांनीं गोळीचा चेंडू केला. प्रत्येक फेरफार हातभर अंतराचा; आणि कित्येकदां त्याच्या मागें प्रतिभेइतकीच अडचण उभी होती: गडी मिळेना, चिप्स महाग, मायक्रोप्रोसेसर मंद. म्हणून कोणी असेंही म्हणेल, कीं मग श्रेयाचा वाद हवा कशाला? खेळ सर्वांचा आहे.

खेळ सर्वांचा होतो हें खरें. परंतु तो आपोआप घडत नाहीं. निम्मे पैसे घेऊन घरीं जाणारा अभियंता, आणि आपल्याच खेळाच्या पडद्यावर ज्याचें नांव नव्हतें असा रचनाकार, यांची आठवण ठेवली नाहीं तर कंपन्यांचीं नांवें तेवढीं उरतात. बुद्धिबळाच्या राणीला सामर्थ्य देणाऱ्या त्या अज्ञात माणसाचें नांव आतां कोणत्याही उपायानें मिळणार नाहीं. भिंतीला पाय देणाऱ्याचें नांव तोमोहिरो निशिकादो होतें, एवढें तरी सांगतां येतें. कारण पुढें कोणीं तरी त्यांना गांठून विचारलें, आणि त्यांनीं सांगितलेलें लिहून ठेविलें.